चाकांचं पांघरूण

८ जानेवारी

प्रिय वन्संस,
अ. उ. आ. आशीर्वाद नेहमीचेच, अक्षर मात्र नेहमीचं नाही. मांडीवर कागद धरून लिहितेय आणि एक डोळा ह्यांच्यावर आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहायचं, नाहीतर आता मला पेन धरायचाही कंटाळा येतो.

पार्सल बावीस डिसेंबरला पोचलं. भावासाठी पाठवलेली ती बाग बघून मी दारातच उभी राहिले. तीस चौकोन, प्रत्येकात निराळं फूल, आणि कोपऱ्यात तो टपोऱ्या डोळ्यांचा पक्षी. खालच्या मजल्यावरची शिक्षिका म्हणाली की हे ब्लँकेट पांघरायचं नाही, भिंतीवर लावायचं. मी म्हटलं, नणंदेचं काम लावायचं तर आधी भिंत रंगवावी लागेल.

आता जे सांगायचं ते सांगते. त्यासाठीच पंधरा दिवस लागले. ह्यांनी ते उसवलं. आधी पक्ष्याचा डोळा काढला, मग धाग्याचं टोक सापडलं, आणि चार दिवसांत सगळी बाग जमिनीवर आली. मी थांबवू शकले असते. थांबवलं नाही. ते चार दिवस तुमचे दादा खुर्चीत बसून होते, वन्सं, आणि मी चार दिवस गरम जेवले. लोकर गुंडाळून ठेवली आहे, एक टोकही फेकलेलं नाही.

दुसरं करू नका. मला पुन्हा असं पत्र लिहिण्याचं त्राण नाही.

आहे तो लोभ ह्या पत्रामुळे आटू देऊ नका.
तुमची,
वहिनी

२० जानेवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.
पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

साडेतीन महिने लागले होते त्या बागेला. छापखान्यातल्या यंत्रांनी चाळीस वर्षांत माझे कान खाल्ले. उरले डोळे आणि बोटं, आणि आता उजव्या मनगटाला पट्टा बांधल्याशिवाय क्रोशाची सुई धरता येत नाही. तरी करते. तुमच्या लेकीच्या बाळाला समुद्र केला, शेजारच्या नर्सबाईंना मुलगी झाली तेव्हा ढगांचं केलं. कोणी उसवलं नाही. तुम्ही चार दिवस गरम जेवलात, छान झालं.

तुमच्या लेकीचं पत्र आलं होतं. दादाला कुठल्याशा संस्थेत ठेवायचं चाललंय, असं तिच्याकडून कळतं, तुमच्याकडून नाही. ज्यानं मला रोज सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं, त्याला परक्यांच्या हाती द्यायचं? आजारी माणसाला समोर माणूस लागतं, वहिनी. कुणी दोन घटका बसून त्याच्याशी बोललं असतं, तर तो धागा कशाला शोधत बसला असता?

जास्त लिहिलं असेल तर धाकटी म्हणून पोटात घाला.
तुमची,
नणंद

४ फेब्रुवारी

प्रिय वन्संस,
अ. उ. आ.
रागावले नाही. रागावायलाही थोडी झोप लागते.

तुम्ही म्हणता तसं मी समोर बसते. सकाळी सहापासून बसते. ते नळ खोलतात, मी लावते. ते खुर्चीचे स्क्रू काढतात, मी उभ्यानं जेवते. सायकल दुरुस्तीचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली, पण हातांना ते कोणी सांगितलेलं नाही. परवा जिन्यात वरच्या बिऱ्हाडाची बाबागाडी होती. मी डाळीला फोडणी देईपर्यंत ह्यांनी ती उलटी करून दोन चाकं काढली, कारण म्हणे चाक वाकडं फिरतंय. बाळ आत नव्हतं, हे नशीब. बाळाच्या आईनं जो आरडाओरडा केला, तो तुम्हालाही ऐकू आला असता.

बोलणं म्हणाल, तर माझं नाव ते नोव्हेंबरमध्ये विसरले. मला ते ‘अहो बाई’ म्हणतात. तसा आदर आख्ख्या संसारात मिळाला नव्हता.

एक सांगायचं राहिलं. बाग उसवताना ते धागा डोळ्यांसमोर ताणून धरायचे, एक डोळा मिटायचे आणि मान हलवायचे. चाकाचा बाक काढताना दुकानात करायचे ना, तसं. मी कितीतरी दिवसांनी त्यांना खूश बघितलं. म्हणून थांबवलं नाही. पहिल्या पत्रात हेच लिहायला हवं होतं, जेवणाचं नाही.

संस्थेचं खरं आहे. नाव घातलंय, जागा झाली की कळवतील. तुम्ही येऊन आठ दिवस राहा. मग म्हणाल ते करीन.

रागाखाली थोडा लोभ शिल्लक असेल, तो पाठवा.
तुमची,
वहिनी

१५ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.
येते. बारा मार्चला सकाळी पोचेन. बागेची लोकर बाहेर काढून ठेवा.

तुमचं पत्र वाचल्यापासून डोक्यात एकच घोळतंय. मी त्याला बाग दिली. दादानं आयुष्यात एक रोप लावलं नाही! माझ्या हाताला जे सुंदर जमतं ते मी त्याच्या अंगावर घातलं. आता सायकलीचं करते. गोल विणायला मधून सुरुवात केली आणि लांब टाक्यांचे खांब घातले, की आपोआप आऱ्यांचं चाक होतं. चार चाकं झाली आहेत. ती पक्की शिवणार नाही, बटणांवर लावणार, म्हणजे काढता आणि घालता येतील. दोन पट्टे बकलांचे, एक जाड साखळी, आणि चामड्याचं जुनं सीट मागायला मी इथल्या सायकलवाल्याकडे तीन चकरा मारल्या. चौथ्यांदा त्यानं मी बोलायच्या आतच दिलं.

संस्थेबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही. ते समोरासमोर बोलू.

भेटीपर्यंत पुरेल एवढा लोभ असू द्या.
तुमची,
नणंद

२९ मार्च

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि.
आठ दिवस एका खोलीत काढल्यावर ‘तुम्ही’ लिहायला हात वळत नाही. तू म्हणते, चालवून घे.

घरी पोचून पहिले दोन दिवस नुसती झोपले. मी आठ दिवसांत अशी झाले, तू चार वर्षं करतेयस.

एक गोष्ट तुला तोंडावर सांगता आली नाही. तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होतीस, त्या दिवशी दादा दुपारभर झोपला होता असं मी सांगितलं. ते खोटं होतं. मी चाकाची कड विणत त्याच्यासमोरच बसले होते. टाके मोजायला मान खाली घातली, वर केली तर खुर्ची रिकामी. दार उघडल्याचं मला ऐकू आलं नाही. तुला आलं असतं.

तासाभरानं सापडला. कोपऱ्यावरच्या शाळेच्या सायकलस्टँडपाशी फुटपाथवर बसला होता. खिशात अकरा व्हॉल्व्ह. अकरा पोरांच्या चाकांची हवा काढून ठेवली होती त्यानं. चोर समजून कोणीतरी त्याला मारलं असावं. पहारेकरी हात जोडून मला काहीतरी सांगत होता, पण मला फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते. शर्टाचं बटण तुटलं होतं, ते मी तू यायच्या आत शिवलं. गालावर वळ होता, तू विचारलंस तेव्हा दारावर आपटला म्हणाले.

दोन घटका समोर बसायला मी तुला शिकवत होते. मी समोरच बसले होते, वहिनी.

जागा झाली असेल तर त्याला पाठव. माझ्यासाठी अडून राहू नकोस. लेकीलाही मी लिहिते, की तुझ्या आईचं बरोबर आहे.

ह्यानंतरही माझ्याबद्दल काही माया उरली, तर तेवढं कळव.
तुझी,
नणंद

९ एप्रिल

प्रिय वन्संस,
अ. उ. आ.
‘तू’ म्हणा, मला आवडलं. मला मात्र तुम्हाला ‘तू’ म्हणायला जमायचं नाही. वन्सं म्हटलं की जिभेवर ‘तुम्ही’च येतं.

दारावर आपटल्यावर चार बोटं उमटत नाहीत. मला तेव्हाच कळलं होतं. पण मला काय वाटलं ते ऐका. मला वाटलं, तुम्ही मारलंत. आणि वन्सं, मला बरं वाटलं. तुम्ही गेल्यावर मोरीत पाणी सोडून मी रडले, ते दुःखानं नाही. वाटलं, चला, मी एकटी नाही.

कारण मी मारलंय. जानेवारीत, तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. शेगडीची गॅसची नळी त्यांनी सोडवली होती. घरभर वास, आणि हे पान्हा शोधत फिरताहेत. आधी मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. सगळं शांतपणे केलं. मग परत आले आणि मारलं. दोनदा. म्हणजे भीतीनं हात उठला असंही म्हणता येत नाही. ते ओरडले नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, एकेक बोट वाकवून बघितलं. त्या हातातच काहीतरी बिघाड झालाय आणि तो शोधायचाय, असं.

हे लेकीला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं. आता मला काय म्हणायचं ते म्हणा.

जागा झाली आहे. दोन मेला नेऊन सोडायचं.

लोभ मागायची लाज वाटते, म्हणून ह्या वेळी मागत नाही.
वहिनी

१८ एप्रिल

प्रिय वहिनी,
सा. न. वि. वि. नमस्कार ह्या वेळी मुद्दाम वाकून.

तू मारलंस हे वाचून मला वाईट वाटलं. नाही वाटलं म्हणाले तर तुला पटणार नाही. तो माझा भाऊ आहे. दिवसभर सुई हातात धरली नाही. संध्याकाळी लक्षात आलं, की त्या चार वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही की तू कशी आहेस. ब्लँकेटं पाठवत राहिले. सगळ्या घराला पाठवली, तुला एक नाही.

दादाचं पूर्ण झालं. आज टपालात टाकलं. सहा चाकं, दोन बकलं, साखळी, सीट. बागेची सगळी हिरवी लोकर कडेला वापरली. उसवलं तर उसवू दे, पुन्हा विणीन. दोन मेला सोडायला तू एकटी जायचं नाहीस. मी पहिल्या गाडीनं येते. ऐकू येत नसलं तरी सामान उचलता येतं.

लोभ मागायचा नसतो, वहिनी. तो आहे.
तुझी,
नणंद

२१ मे

प्रिय वन्संस,
अ. उ. आ.
तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय. घर इतकं शांत आहे की नळ गळायला लागला तरी दचकायला होतं. पहिल्या आठवड्यात मी रोज बारा तास झोपले. उठल्यावर अपराधी वाटायचं, मग चहा करायची आणि परत झोपायची.

त्यांची खोली तुम्ही बघितलीच आहे. खिडकीजवळची खुर्ची मिळाली. ब्लँकेट मांडीवर असतं. सकाळी सहाही चाकं काढतात, कॉटवर ओळीनं मांडतात, जेवणाआधी परत लावतात. तिथली परिचारिका म्हणाली की इतकं कामसू माणूस त्यांच्याकडे दुसरं नाही. एक चाक उसवलं होतं, ते मी जमेल तसं गुंडाळून परत लावलं. तुम्ही बघाल तर हसाल. त्यांनी बघितलं आणि ते वेगळं काढून ठेवलं.

काल दुपारी गेले तर मान वर न करता म्हणाले, की बाई, गर्दी आहे, पाच वाजता या, तयार ठेवतो. मी बरं म्हटलं. बाहेर बाकावर जाऊन बसले. वाटलं, पाचपर्यंत ह्यांना कुठलं आठवायला! घरी जावं असंही मनात आलं. पाय फार दुखत होते. पण बसले.

पाच वाजता आत गेले. ब्लँकेटची घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवली होती. त्यांनी ती माझ्याकडे दिली, आणि म्हणाले की चाकातला सगळा बाक काढलाय, एकदा चालवून बघा.

मी ते दोन्ही हातांत धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले. परिचारिका बघत होती, बघू दे म्हटलं. परत आले आणि त्यांना सांगितलं, की सरळ चालतंय, अगदी सरळ. ते बरं म्हणाले, हात पुसले, आणि माझ्या मागे दुसरं कोण उभं आहे ते बघायला लागले.

तुमची,
वहिनी