खिडकीजवळची खाट

प्रिय उतावळ्या,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. फोन केला असता तर कामात आहे म्हणत तू ठेवून दिला असतास.

परवा ऑफिसातल्या नव्या मुलीने विचारलं, मॅडम, तुम्ही लिलाव पुकारायला कशा लागलात? मी काहीतरी भारदस्त सांगून वेळ मारून नेली. खरं तुला माहीत आहे. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभी राहून, हातात लाटणं घेऊन मी खिडकीजवळच्या खाटेचा लिलाव करायचे. बोली लागायची ती भांडी घासण्याची. तू तीन दिवस म्हणालास की बाबा पेपरमधून डोकं न काढता पाच म्हणायचे. तू कान खाजवलास की मी ओळखायचे, गडी आता चढणार. शेवटी खाट तुझी आणि भांडीही तुझीच. मालकानेच बोली चढवणं ही आमच्या धंद्यात लबाडी धरतात, हे मला फार पुढे कळलं.

लिलावघरात मी आधी कारकून होते. एकदा भर लिलावात म्हाताऱ्या सरांचा आवाज बसला आणि त्यांनी हातोडा माझ्यापुढे सरकवला. मागच्या रांगेतले एक गृहस्थ मिशी कुरवाळताना दिसले आणि मला तुझा कान आठवला. तेव्हा एक कपाट पुकारायचं होतं, त्याला मी त्यांच्याकडून चांगली बोली काढली. सर नंतर म्हणाले, हात वर करणारा कुणालाही दिसतो, ज्याला वस्तू हवी आहे पण हात वर होत नाही तो ओळखायला शीक. आजवर तेच करत आलेय.

आता बातमी. बाबांना जिने झेपत नाहीत, ते माझ्याकडे राहायला येताहेत. माझी जागा एवढीशी, म्हणून आपल्या जुन्या घरातलं सामान लिलावात काढायचं ठरलं. मी खडूने नंबर टाकत फिरले, बाबा मागून काढ, काढ म्हणत होते. खाटेपाशी आलो तेव्हा मात्र त्यांना खिडकीची कडी तपासावीशी वाटली. कडीला काहीही झालेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने पाठमोरेच म्हणाले, काढ.

तुम्हा दोघांचं का बिनसलं ते मी उकरत नाही, दोघांचेही मुद्दे मला पाठ आहेत. पण त्यांना तू हवा आहेस आणि हात वर होत नाही. मलाही हवा आहेस, मी सरळ सांगते.

लिलाव रविवारी सकाळी आहे. पुकारणाऱ्याला स्वतः बोली लावता येत नाही, त्यामुळे खाट मला घेता येणार नाही. तू ये. माफी मागू नकोस, हवं तर बोलूही नकोस. मागच्या रांगेत बस आणि खाट पुकारली की घाईघाईने बोली लाव, नेहमीसारखी. बाबा पुढे बसलेले असतील, आवाज ओळखतील. आणि त्यांनी मान न वळवता बोली चढवलीच, तर त्या दिवसापुरता मी नियम विसरेन.

तुझीच,
लाटणंवाली ताई