खालचा पाइप

प्रिय चकती,

हे नाव अजून चालतं ना? तीन वर्षांची असताना तू आईच्या हत्यारांच्या डब्यातल्या चकत्या अंगठ्या म्हणून बोटांत घालायचीस आणि मग निघत नाहीत म्हणून भोकाड पसरायचीस. आई साबण लावून एकेक काढायची. माझे तुला फोनच येतात, तेही दोन मिनिटांचे, तेव्हा पत्र पाहून घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे. कुंड्यांना पाणी घालतो, भाजीत मीठ जास्त पडलं तरी गुमान खातो. सांगायचं आहे ते जरा लांबलचक आहे आणि फोनवर मला जमलं नसतं.

तुझ्या ऑफिसातले ते गृहस्थ येत्या शनिवारी आपली गाडी बघायला येणार आहेत. "बाबा, बॉनेट कुठून उघडतं तेही तुला माहीत नाही, गाडी ठेवून करणार काय?" असं तू म्हणालीस, ते खरंच होतं. आपल्या घरात वाटणीच तशी होती. आई पंपांच्या कारखान्यात तपासणीला. नुसता आवाज ऐकून तिला यंत्राचं दुखणं कळायचं. मी नकाशे काढणारा डावखुरा माणूस, ओल्या शाईवरून हात फिरवून बाही काळी करून घेणारा. सुट्टीच्या सकाळी ती बॉनेटखाली आणि मी ओट्यापाशी. शेजारचे हसायचे, आम्हाला त्याचं काही वाटत नसे. मी चहा घेऊन खाली गेलो की ती रेडिएटरचे दोन्ही पाइप दाखवायची. वरचा इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे नेतो, खालचा ते गार झालं की परत आणतो. "दाबून बघ, फळ घेताना बघतोस तसं. दगडासारखा लागला तर वाळला, लिबलिबीत लागला तर गेला." मी दाबायचो, हं म्हणायचो आणि रिकामा कप घेऊन वर यायचो.

गिऱ्हाइकाला दाखवायची तर निदान धड असावी म्हणून सोमवारी गाडी मिस्त्रींकडे नेली. ते आईला ताई म्हणायचे, त्या नात्यानं मी भाऊजी. त्यांनी हात घालून खालचा पाइप दाबला आणि तोंड वाकडं केलं. मलाही दाबायला लावला. लिबलिबीत. अजून दोन वर्षंच तर झाली होती, आईनं दोन्ही पाइप बदलले त्याला. तुलाही ते आठवत असेलच, त्याबद्दल शेवटी लिहितो. मी काही बोलायच्या आत मिस्त्री म्हणाले, "ताईंच्या कामाला बोल लावायचा नाही हं भाऊजी. वरून तेल ठिबकलंय, त्यानं रबर फुगलंय."

इंजिन गार होतं. खाली टब ठेवून सगळं कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं ते पाणी, काढून घेतलं. पाइपाची दोन्ही टोकं पत्र्याच्या पट्टीनं आवळलेली असतात, तिला क्लिप म्हणतात, आणि क्लिपेला एक स्क्रू असतो. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर घातला, मनगट वाकवलं, बाहेर काढला, दुसऱ्या बाजूनं घातला. स्क्रूचं डोकं भलतीकडेच होतं. "ताई आणि चूक? शक्यच नाही," म्हणत त्यांनी खालचं दुसरं टोक पाहिलं, मग वरच्या पाइपाची दोन्ही. चारही क्लिपा तशाच. "हे असं बसवताना स्वतः ताईंचाच हात सोलून निघाला असणार. कशाला केलं असेल असं?" वैतागून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे दिला. मी तो नेहमीप्रमाणे डाव्या हातात घेतला. ते माझ्या हाताकडे बघत राहिले.

"वाका बघू भाऊजी," म्हणाले.

मी वाकलो. हात कुठेही न अडकता आत गेला आणि स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसला. मिस्त्री पलीकडच्या गाडीकडे निघून गेले. त्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

पाइप मीच बदलला. जुना ओढून निघेना, तेव्हा त्यांनी तिकडूनच ओरडून सांगितलं, "ओढू नका, पिळा!" पिळूनही ऐकेना, म्हणून शेवटी चाकूनं उभा चिरला. नवा इतका घट्ट होता की दोन्ही तळहातांनी रेटून कसाबसा चढवला, उठून उभा राहिलो, तर दोन्ही क्लिपा माझ्या शर्टाच्या खिशात. त्या पाइपावर आधी सरकवायच्या असतात. मिस्त्री एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी. मग त्यांनी स्क्रू पूर्ण ढिला करून क्लिप उघडून दाखवली, म्हणजे पाइप पुन्हा काढावा लागला नाही. क्लिपा मी होत्या तशाच बसवल्या, डोकी डाव्या हाताला. नवं कूलंट भरलं आणि झाकण उघडं ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. घरी आलो तेव्हा बाही काळी होती, या वेळी शाईनं नव्हे. काल आणि आज सकाळी खाली जाऊन दोन्ही पाइप दाबून आलो. एक थेंब गळत नाही. चहा मात्र माझा मलाच न्यावा लागतो.

आता ते राहिलेलं. आईला दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं, त्यानंतर ती दोन दिवस बॉनेटखाली होती. उभं राहवेना तेव्हा स्टुलावर बसून. तू आलीस तर तिचे हात काळे आणि बोटं सोललेली. तू मला जिन्यात गाठून म्हणालीस, "बाबा, तू तिला अडवलं कसं नाहीस?" तेव्हापासून आपण कामापुरतंच बोलतो. तुझा राग मला चुकीचा वाटला नाही, मीही स्वतःला तेच विचारत होतो. तिला मी म्हणालो होतो, आत्ताच कशाला हे? ती म्हणाली, "चहा आण." मी आणला. तुझ्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, ते तुला हात घालून बघता येईल. त्या गृहस्थांना माझ्यातर्फे माफी मागून सांग की गाडी विकायची नाही. शनिवारी त्यांच्याऐवजी तू ये. बॉनेट कुठून उघडतं ते मी तुला दाखवतो. स्टिअरिंगखाली, उजव्या गुडघ्याजवळ, एक छोटा खटका आहे.

तुझाच,
बाबा