मुरमाडातलं खाचर

औंढे,
दसऱ्यानंतरचा चौथा दिवस, सन १९३४

प्रिय नथूदादा,

भात झाला! आधी एवढं वाच, मग बूड टेकून पुढचं वाच. आपल्या मुरमाडात भात झाला. झोडून, वाळवून, पोत्यांत भरून ओटीवर ठेवलाय आणि त्याच पोत्यांना टेकून मी हे लिहितेय. अडीच पोती. हसू नकोस. तुझ्या मते जिथं कुसळाशिवाय काही उगवणार नव्हतं, तिथली अडीच पोती आहेत ही.

तीन पावसाळ्यांची मुदत तू दिली होतीस. तेवढ्यात भात दिसला नाही, तर लोणावळ्याजवळ बंगल्यासाठी जागा हुडकणाऱ्या त्या शेटजींना जमीन द्यायची आणि मी कल्याणला तुझ्या रेल्वेच्या खोलीत राहायला यायचं, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे तू ठरवलंस, मी मान खाली घालून ऐकलं. सासरहून ट्रंक घेऊन परत आलेल्या बाईनं दुसरं काय करायचं? पण खरं सांगू, मला तुझ्या खोलीची भीती वाटायची. वहिनी जिवाला जीव देणारी आहे. तरी दुसरीच्या चुलीपुढं जन्म काढणं म्हणजे काय, ते तुला नाही कळायचं.

आपली जमीन वाईट नव्हती रे, तिला कुणी धरून ठेवलं नव्हतं. वर चार बोटं तांबडी माती, खाली मुरूम, आणि उतार असा की पाऊस लागला की माती निघाली थेट खालच्या रखमाजीच्या खाचरात. त्याच्या चिकण मातीचा गावभर तोरा, आणि निम्मी आपलीच वाहून गेलेली! सासरहून आले त्या पावसात इरलं घेऊन बांधावर बसले होते, तेव्हा हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून थंडीत माती अडवायला ओहोळाच्या वाटेत दगडांच्या तीन आडव्या ताली रचल्या. वरची ताल दोनदा ढासळली. रखमाजी खालून ओरडायचा, "सरूबाय, दगूड पेरतीस व्हय? पीक बी दगडाचंच येनार मग!" मी ढासळलेले दगड उचलून पुन्हा रचले. पहिल्या पावसाळ्यात तालींमागं गाळ अडला. चांगला वीतभर! मी त्यात हात घालून बसले होते खुळ्यासारखी.

दुसऱ्या पावसाळ्यात मात्र माझी अक्कल शेण खायला गेली. भात लावायचा तर आंबेमोहोरच, हा आपल्या घरांचा थाट. लवकर येणारा जाडाभरडा हळवा भात लावला की माणसं नाक मुरडणार, ठाकरवाडीचं खाणं आलं म्हणणार. मीही आंबेमोहोरच लावला. गणपतीत तू आलास तेव्हा काय तरारला होता! तू पाठीवर थाप दिलीस. मग पाऊस गेला. रखमाजीच्या चिकणीत दिवाळीपर्यंत ओल राहते. आपल्या मुरमानं आठ दिवसांत सगळं पाणी पिऊन टाकलं. पोटरीत आलेला भात उभ्या उभ्या वाळला. "जरा कमी आला," असं मी तुला कळवलं ते खोटं होतं, दादा. एक दाणा हाती लागला नव्हता. गोठ्यात बसून रडले आणि डोळे पुसून तुला पत्र लिहिलं.

ठाकरवाडीची भागूमावशी तेव्हा पेंढा मागायला आली होती. तिनं खाचरातली मूठभर माती उचलली, दाबली, हातावरून सोडून दिली आणि म्हणाली, "पोरी, ह्या मातीला पान्याचा दम न्हाई. हिला घाईचं पीक दे. आमचा हळवा लाव, दसऱ्याच्या आत घरात येतोय बघ." इतकं सोपं होतं! थाट गुंडाळून ठेवला आणि तिच्याकडूनच बी घेतलं. उन्हाळाभर आम्ही दोघींनी ओहोळाच्या डोहातली चिकण माती डोक्यावरून वाहिली आणि पाऊस लागल्यावर खाचरांच्या तळाशी पायांनी तुडवली. सकाळी पाण्यात काठी रोवायची, संध्याकाळी बघायची. आधी वीतभर उतरणारं पाणी बोटभर उतरायला लागलं, तेव्हा मावशीनं मला चिखलातच मिठी मारली.

यंदाही पाऊस लवकर गेला. गेला तर जा म्हटलं! आपला भात तोवर पिवळाधमक झाला होता. लालसर आहे, वास नाही, पण असा गोड लागतो की नुसता खावा. आणि ऐक, रखमाजीचा वरचा मुरमाड तुकडा वाळला. परवा आला, टोपी हातात घेऊन, हळव्याचं बी मागत. मी दिलं. आधी दोन घटका बाहेर बसवून ठेवला, मग दिलं.

आता इतक्या घाईनं का लिहितेय ते सांगते. तुझं पत्र मिळालं. शेटजी वाढवून देतोय, दिवाळीनंतर मोजणीला येईल, भाताचं आता राहू दे, असं तू लिहिलंस. वाचून खूप राग आला, खूप रडू आलं. काल तलाठी पीकपाहणीला आला. इतकी वर्षं खालूनच बघून 'पडीक' लिहून जायचा. काल वर चढला, धसकटं पाहिली, 'भात' लिहिलं आणि कसतंय कोण म्हणून विचारलं. मालक तू आहेस, ते मी सांगितलं. पण कसणाऱ्याच्या जागी माझं नाव घाल म्हटलं. पुढं नवऱ्याचं लावू की भावाचं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, बापाचं लाव. सरूबाई मारुती. त्यानं लिहिलं, दादा. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्या हातून तुला कळावं, म्हणून हे पत्र. शेटजींना कळव, जमीन रिकामी नाही. तिथं मी आहे.

तुझीच पाठची,
सरू