ओळख पुसण्याचं काम

२ मार्च
नव्या नोकरीचा पहिला दिवस! ताईकडे राहायला आलो त्याला दोनच दिवस झाले, पण तिने सकाळी डबा हातात दिला आणि वर बजावलं, की इस्पितळात नोकरी लागली म्हणून उगाच कुणाला औषधं सांगत सुटू नकोस. आमची खोली तळमजल्यावर, एक्स-रे विभागाला लागून. काम मजेचं आहे. रुग्णांचे स्कॅन संशोधकांना पाठवायचे, पण त्याआधी त्यांवरची ओळख पुसायची. नाव, जन्मतारीख, आणि चेहरासुद्धा! डोक्याच्या स्कॅनवरून माणसाचा चेहरा हुबेहूब उभा करता येतो, म्हणून माझा प्रोग्रॅम नाक, डोळे, हनुवटी खरवडून काढणार. पुसलेलं कुणालाही परत आणता येता कामा नये, ही साहेबांची अट.

९ मार्च
प्रोग्रॅम सुरू झाला. स्कॅन आला की आपोआप पुसतो, आपोआप पाठवतो. आज एकवीस गेले. साहेबांनी पाठ थोपटली. ताई म्हणाली, बाळ्या, आता तुला शिंगं फुटणार.

१३ मार्च
एक्स-रेबाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांची बायको नर्सशी भांडत होती, की हे माझे यजमान नव्हेत, माझे कुठे ठेवलेत? त्यांनाही नाव सांगता येईना. मी त्यांना चांगलं निरखून पाहिलं. खोलीत येऊन चेहरा आठवू गेलो, तर काठी आठवते, शर्ट आठवतो. वर काहीच नाही.

१६ मार्च
तशी आणखी चार माणसं. नोंदी तपासल्या. पाचही जणांच्या डोक्याचे स्कॅन माझ्या प्रोग्रॅममधून गेलेत. साहेब म्हणाले, आजारी माणसं विसरतातच, तू जरा रजा घे. मी म्हटलं, विसरतायत ते त्यांचे घरचे. त्यांनी हातानेच जायला सांगितलं.

१७ मार्च
प्रोग्रॅम बंद केला. दहा मिनिटांत पुन्हा सुरू. बंद पडला तर दुसऱ्या मशीनने चालू करायचा, ही सोय माझीच. ते मशीन ज्या खोलीत आहे, तिची किल्ली साहेबांकडे. त्यांनी ती दिली नाहीच, माझा पासवर्डही काढून घेतला.

१८ मार्च
ताई जिन्यावरून पडली. शेजाऱ्यांनी आमच्याच इस्पितळात नेलं. मी धावत पोचलो तोवर डोक्याचा स्कॅन झालेला. स्कॅन काढणाऱ्याला हात जोडले, थांबव म्हणालो. तो म्हणाला, घाबरू नका, कुठे मार नाही, आणि स्कॅन तर केव्हाच पुढे गेला. पडद्यावर – सतरा ठिकाणी पाठवला.

१९ मार्च, सकाळी
घरी आणलं. बरी आहे. आवाज तिचाच. भिंतीवरच्या फोटोत मी आहे, शेजारी एक बाई –

दुपारी
तिला समोर बसवलंय. दिसेल ते लिहून घेतोय. कपाळ रुंद. भुवया जाड, जवळजवळ जुळलेल्या. डावा डोळा किंचित – वहीत पाहिलं की जातं. कपाळ कसं होतं? वर लिहिलंय, रुंद.

ती विचारते, बाळ्या, असा का बघतोस. रडतेय. म्हणते, मी तुझी –
कोण म्हणाली?

समोर एक बाई बसली आहे. फार रडते आहे. कुणीतरी हिच्या घरच्यांना –