काटकसरी डबी

१४ मार्च

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. यांचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त. तुझी भाची सायकल शिकली आणि पहिल्याच दिवशी ती कंपाउंडरांच्या अंगावर घातली.

दवाखान्यातल्या लसींच्या फ्रीजमध्ये तू बसवलेली डबी अजून त्याच कप्प्यात आहे. फ्रीज तापला की ती तुमच्या ऑफिसला कळवते आणि लगेच फोन येतो. फोनवर तू कधीच नसतोस. एक मुलगी असते, फार गोड बोलते.

तू ती बसवलीस त्याला चार वर्षं झाली. त्याच दिवशी, "बारा वर्षं मी हा फ्रीज सांभाळला, आता माझ्यावर पाळत ठेवायला धाकटा भाऊ आलाय," असं मी डॉक्टरांसमोर बोलले. तू चहा तसाच टाकून उठलास. "सेल संपला की बदलायला येईन, त्याआधी नाही!" आणि डबी अशी काटकसरी बनवलीस की पाच वर्षं पुरणारा सेल संपता संपेना. तुझी हुशारी आपल्याच मुळावर आली बघ.

आता ओरडू नकोस. वर्षभर मी रोज सकाळी त्या डबीचं चाचणीचं बटण दहा-दहा वेळा दाबत होते. प्रत्येक वेळी ती निरोप पाठवते, तेवढाच सेल झिजतो. ते निरोप तुला तिकडे दिसत असतील ना? एकदा तरी विचारायचंस, ताई, काय चाललंय?

पंधरा दिवसांपूर्वी सेल संपला. मला आनंद झाला, लिहितानाही लाज वाटते. पण तुझ्याऐवजी टपालाने नवा सेल आला. "तुम्हीच बसवा, दोन मिनिटांचं काम," ती मुलगी म्हणाली. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि सांगितलं, मला जमत नाही, माणूस पाठवा.

गुरुवारी मी वस्तीवर गेले असताना वीज गेली. डबी मुकी, फोन कुठून येणार? परतले तोवर लसी वाया गेल्या होत्या. साठ बाळांच्या. दुसऱ्या दिवशी उन्हातून चालत आलेल्या आयांना मी "वीज गेली होती" एवढंच सांगून परत पाठवलं.

आज डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. सेल मीच बसवला. खरंच दोन मिनिटं लागली. बटणाला आता हात लावणार नाही. आणि ते पाळतीचं बोलणं, ते माझं चुकलंच रे.

म्हणजे आता पुढची पाच वर्षं तुला इकडे यायला काही कारण उरलेलं नाही.

तरी ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई