चीड, दोनदा

प्रिय दादा,

काल दुपारी फोनवर तू म्हणालास, "अगं, किती चिडचिडी झालीस तू!" मी फोन आपटला. बाबांनी पलंगावरून सगळं ऐकलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून एखादा शब्द निघाला तरी पुष्कळ. तरी मी रागाच्या भरात विचारलंच, "जन्मभर व्याकरण शिकवलंत ना? मग सांगा, चिडचिड म्हणजे काय?"

बराच वेळ त्यांचे ओठ नुसतेच हलत राहिले. मग म्हणाले, "चीड... दोनदा." दम खाऊन पुन्हा म्हणाले, "कुरकुर. किरकिर. थांबत नाही... म्हणून दोनदा." एवढ्यानेच दमले. डोळे मिटता मिटता म्हणाले, "झोप जरा."

खुर्चीतच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. बाबा ओल्या चादरीवर तसेच पडून होते. मला बोलवायला दिलेली घंटी त्यांनी चांगल्या हाताच्या मुठीत घट्ट दाबून धरली होती, चुकूनही वाजू नये म्हणून.

"अहो बाबा, घंटी नाही का वाजवायची?" मी ओरडलेच.

"झोपली होतीस," ते म्हणाले.

चादर बदलताना मला रडू आवरेना, तर तेच माझी पाठ थोपटत राहिले.

हे पत्र काही मी टाकणार नाही. वाचून तू दोन दिवस हळहळशील, आणि मग मलाच तुझी समजूत काढत बसावं लागेल. तेवढं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही.

तुझी,
धाकटी