बाबांच्या यंत्राचा ड्रायव्हर

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींचा खोकला गेला का? छकुली नव्या शाळेत रुळली असेल. इकडे सगळं ठीक. बाबा जेवतात, पेपर वाचतात, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात.

तीही यंत्रातूनच. घशाच्या ऑपरेशननंतर ते यंत्रच त्यांची वाचा. ते बटणं दाबतात, कॉम्प्युटर बोलतो. यंत्राची कंपनी बुडाली आणि सिस्टीमची नवी आवृत्ती आल्यावर कॉम्प्युटर त्याला ओळखच दाखवेना. म्हणून मी ड्रायव्हर लिहिला, म्हणजे दोघांमधला दुभाष्या. सगळ्यांना खुल्या असलेल्या कर्नलमध्ये, सिस्टीमच्या गाभ्यात, तो घ्यावा म्हणून पाठवला. तिथले तपासनीस भलतेच खवट. चारचौघांत माझी सालटी काढली. मी निमूट दुरुस्त करत गेले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "हे कधी अडकलंय का?"

ताई, आता तुला खरं सांगते.

अडकलं होतं. गेल्या महिन्यात बाबा पलंगाशी पडले. मी शेजारच्याच खोलीत होते. यंत्र छातीशी धरून ते बटण दाबत राहिले आणि आवाज आलाच नाही. मी चहाचं विचारायला गेले तेव्हा ते दिसले. हाड वाचलं. तुला कळवू नको म्हणाले, मीही ऐकलं.

त्यानंतर कितीही खटपट केली तरी ते पुन्हा अडकेना. "नाही" लिहिलं असतं तर काम झालं असतं. पण तो ड्रायव्हर परक्या घरांत जाणार होता. सगळं लिहिलं, बाबांच्या पडण्यासकट. वाटलं, आता हाकलून देतील.

उत्तर आलं: "बराच वेळ कोणी हात लावला नाही की यंत्र झोपत असेल. तुमचा ड्रायव्हर त्याला उठवत नाही. वडील कसे आहेत?"

तेच निघालं. मी तपासताना सारखी बटणं दाबायचे, मग ते झोपणार कधी? दुरुस्ती केली आणि गेल्या आठवड्यात ड्रायव्हर कर्नलमध्ये गेला. आज एका अनोळखी बाईचा मेल आला. तिची आई तसल्याच यंत्रातून पुन्हा बोलू लागली, आता ती आईला ठेवून निर्धास्त बाहेर जाते म्हणे. मी तर अजून बाबांना सोडून कोपऱ्यावरही जात नाही. सारखी डोकावते, "काहीतरी बोला ना" म्हणते. ते वैतागतात.

मघाशी मात्र वैतागले नाहीत. हळूहळू एकेक बटण दाबलं. यंत्र म्हणालं, "तू दिसेनाशी झालीस की मीही घाबरतो."

तू ये, ताई. थोडे दिवस तरी.

दाराकडे कान लावून बसलेली,
तुझी धाकटी